धुतलेली रेकॉर्ड पुन्हा करकरते तेव्हा

इंदूरच्या मराठी घरांतून माळ्यावरचे टर्नटेबल पुन्हा खाली उतरू लागले आहेत. रामबागेत कुणाच्या आजोबांची पेटी निघते, लोकमान्य नगरात कुणी भंगारवाल्याकडून जुना डेक उचलून आणतो, आणि थोड्याच दिवसांत ठरलेली तक्रार येते: रेकॉर्ड धुतली, दोन-चारदा झकास वाजली, आता पुन्हा करकर. परत धुतली, परत तेच. इथे मुख्यतः या एकाच तक्रारीचा माग काढायचा आहे.

माझं मत आधीच सांगते. परत परत येणारी करकर धुणं कमी पडल्यामुळे क्वचितच येते. ती येते धुतल्यानंतर जे होतं त्यातून: खाचेत (सुई ज्या बारीक रेषेतून चालते तिच्यात) वाळलेलं पाणी, जुनं पाकीट, मळलेली नाहीतर झिजलेली सुई आणि माळव्याची कोरडी हवा. म्हणून तिसऱ्यांदा बादली भरण्याआधी थोडा वेळ नुसतं ऐका.

आवाज कुठून येतोय?

एलपी, म्हणजे मोठी, लांब वाजणारी रेकॉर्ड, मिनिटाला ३३ १/३ फेरे घेते, म्हणजे एक फेरा १.८ सेकंदांचा. 'टक्' असा आवाज दर १.८ सेकंदांनी, तालात येत असेल तर तो ओरखडा आहे. सलग काही फेऱ्यांत तो येतो आणि मग नाहीसा होतो, कारण सुई ओरखड्याच्या पट्ट्यातून पुढे सरकलेली असते. ४५च्या छोट्या रेकॉर्डवर हाच ताल १.३ सेकंदांचा आणि ७८वर पाऊण सेकंदाच्या आसपास. ओरखडा धुऊन जात नाही. तो विषय तिथेच संपतो.

ताल नसेल, आवाज विखुरलेला असेल, तर एकच मिनिटभराचा तुकडा लागोपाठ दोनदा वाजवा. दोन्ही वेळा त्याच अक्षरावर, त्याच ठेक्यावर कडकड आली तर ती खाचेत बसलेली आहे: चिकटलेला मळ, बुरशी किंवा खाचेची झीज. जागा बदलत असेल तर सुटी धूळ किंवा स्थिर वीज.

तिसरी गोष्ट म्हणजे एक साक्षीदार रेकॉर्ड बाळगा. स्वच्छ वाजते याची खात्री असलेली कुठलीही, शक्यतो नवी. तीही करकरली तर बाकीच्या पन्नास रेकॉर्डी धुण्यात अर्थ नाही; दोष डेकमध्ये आहे. ही साधी पायरी लोक का गाळतात हे मला आजवर कळलेलं नाही.

चौथं लक्षण सगळ्यात जास्त फसवतं. रेकॉर्ड सुरुवातीला छान वाजते आणि शेवटाकडे आवाज फाटतो, 'स' आणि 'श' फुरफुरतात. लोकांना वाटतं, आतल्या भागात मळ जास्त आहे. खरं कारण भूमितीत आहे. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण ५१ सेंटीमीटर खाच जाते, लेबलाजवळ जेमतेम २१. तेवढाच आवाज निम्म्याहून कमी लांबीत कोंबलेला असतो. सुई झिजलेली असेल किंवा कार्ट्रिज (सुई ज्यात बसवलेली असते तो भाग) वाकडं बसलं असेल तर ती तिथे आधी हार मानते. शास्त्रीय रेकॉर्डमध्ये हे नेमकं नको तिथे येतं, कारण बाजू संपत येते तेव्हाच द्रुत आणि ताना येतात. आपल्या इंदूरच्या उस्ताद अमीर खाँसाहेबांची एका बाजूला मारवा आणि दुसऱ्या बाजूला दरबारी असलेली एलपी या तपासणीला उत्तम आहे. अतिविलंबित आलापीत दोन स्वरांमधली जागा एवढी शांत असते की धूळ असेल तर ती तिथेच ऐकू येते, आणि तानांमध्ये फाटलं तर समजायचं की दोष सुईचा किंवा वाकड्या कार्ट्रिजचा. एका रेकॉर्डमध्ये दोन्ही चाचण्या होतात.

सुई, मग पाणी

वापरलेल्या डेकबरोबर आलेली सुई किती चालली आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. 'टिप नवीन टाकलीय भिया' हे वाक्य नुसतं ऐकून घ्यावं. गोल टोकाच्या सुईचं आयुष्य साधारण पाचशे तास धरतात, लंबगोल टोकाचं तीनशेच्या आसपास. झिजलेल्या हिऱ्याला कडा येतात आणि त्या प्रत्येक वाजवणीत खाच थोडी थोडी कोरतात. आज धुतलेली रेकॉर्ड पुढच्या महिन्यात जास्त करकरत असेल तर हा संशय पहिला घ्या. तो खरा असेल तर प्रत्येक दिवस महाग पडतो, कारण गेलेली खाच परत येत नाही. मला विचाराल तर जुना डेक घेतानाच नव्या सुईचे पैसे किमतीत धरावेत. आणि घेण्याआधी त्या कार्ट्रिजची सुई अजून मिळते का हेही पाहावं. शुअर कंपनीने २०१८ साली कार्ट्रिज बनवणं बंद केलं, त्यामुळे तिची जुनी कार्ट्रिज दुसऱ्यांनी बनवलेल्या सुयांवरच चालतात, आणि त्यांचा दर्जा सारखा नसतो.

सुई चांगली असेल तरी ती मळलेली असू शकते. धुतल्यानंतरच्या पहिल्या दोन वाजवण्यांत सैल झालेला मळ सुईच्या टोकाला गोळा होतो. सुईवर भिंगातून राखाडी कापसासारखा गोळा दिसला की समजा, तुमची 'परत आलेली करकर' बहुधा हीच. कोरड्या मऊ ब्रशने मागून पुढे, म्हणजे टोनआर्मच्या (सुई धरणाऱ्या दांड्याच्या) मुळाकडून तुमच्याकडे, एवढ्याच दिशेने झाडा. आडवं किंवा उलट झाडलंत तर ज्या बारीक दांडीवर हिरा बसवलेला असतो ती वाकते. भिंतीवरचे डाग पुसायचा पांढरा मेलामाइन स्पंज मिळतो, त्याचा छोटा तुकडा ठेवून सुई त्यावर सरळ खाली टेकवून उचलली तरी चालते. घासायची नाही, फक्त टेकवायची.

मग वजन, म्हणजे सुईचा रेकॉर्डवरचा दाब. टोनआर्मच्या मागच्या वजनावरचे आकडे जुन्या डेकवर भरवशाचे नसतात. दागिने तोलायचा ०.०१ ग्रॅमचा छोटा काटा आता काही शे रुपयांत मिळतो, आणि सराफ्यात ओळख असेल तर कुणी एक दिवसासाठी देईलही. दोन गोष्टी मात्र पाहा. काट्याची पाटी लोखंडी नको, कारण कार्ट्रिजमधलं चुंबक तिच्याकडे ओढलं जातं आणि आकडा खोटा येतो. आणि पाटीची उंची रेकॉर्डच्या उंचीइतकी असावी. वजन कंपनीने सांगितलेल्या मर्यादेत ठेवा. ऑडिओ-टेक्निकाच्या एटी-व्हीएम९५ई ला २ ग्रॅम, त्यांच्याच स्वस्त एटी३६००एल ला साधारण ३ ग्रॅम. 'रेकॉर्ड जपायची' म्हणून वजन कमी ठेवणारे बरेच भेटतात. त्यात नुकसान जास्त होतं: हलकी सुई खाचेत धड बसत नाही, भिंतींवर आपटत जाते, आणि तेच करकर म्हणून ऐकू येतं.

आता धुणं

नळाच्या पाण्याने धुणारे निम्मे लोक इथेच अडकतात. नर्मदेचं पाणी त्यातल्या त्यात बरं, बोरिंगचं तर जडच. रेकॉर्ड वाळली की पाण्यातले क्षार खाचेत राहतात आणि मग सुई त्यांच्यावरून जाते. तपासायला सोपं आहे. आरशावर पाण्याचा एक थेंब ठेवा आणि वाळू द्या. पांढरं वर्तुळ राहिलं तर ते पाणी शेवटच्या धुण्याला चालणार नाही. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायला डिस्टिल्ड वॉटरची सीलबंद बाटली मिळते, तिचाही थेंब असाच तपासून घ्या. दुकानात मात्र पाणी म्हणूनच मागा. बॅटरीचं अ‍ॅसिड आणि बॅटरीचं पाणी एकाच फळीवर उभं असतं.

धुण्याचं मिश्रण असं: चार भाग डिस्टिल्ड पाणी, फार तर एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि पाणी खाचेत उतरावं म्हणून अर्ध्या लिटरला रंग-वास नसलेल्या भांड्याच्या लिक्विडचा एखादा थेंब. अल्कोहोल दवा बाजारात किंवा महाराणी रोडवर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात शुद्ध मिळतं. त्याऐवजी सॅनिटायझर वापरू नका. त्यात ग्लिसरीन असतं आणि ते खाचेत चिकट थर सोडतं. डेटॉल, खोबरेल, काच पुसायचं निळं पाणी, यांतलं काहीही नको. रेकॉर्डवर फेविकॉल पसरून पापुद्रा सोलण्याचा प्रकारही लोक करतात. मी करत नाही आणि कुणाला सांगतही नाही. पापुद्रा मध्ये तुटला की खाचेत राहिलेला गोंद काढायला दुसरा उपाय शोधत बसावं लागतं.

लेबल झाका; डब्याची रबरी कडेची दोन झाकणं पुरतात. मऊ ब्रश खाचेच्या दिशेने, गोल फिरवायचा, कधीही आडवा नाही. हात हलका, वेळ जास्त. मळ सुटायला दोन-तीन मिनिटं ओलं राहू द्या.

आणि आता ज्या पायरीवर सगळं ठरतं ती. मळलेलं पाणी खाचेत वाळू द्यायचं नाही. ब्रशने मळ सुटतो, पण तो पाण्यात तरंगत असतो, गेलेला नसतो. पाणी उडालं की तोच मळ, आता साबणासकट, खाचेच्या तळाशी परत बसतो. पहिल्या दोन वाजवण्यांत सुई वरचा थर ढवळते आणि तुम्हाला वाटतं, करकर परत आली. तर रेकॉर्ड तिरपी धरून पाणी ओतून टाका, स्वच्छ सुती फडक्याने, धोतराच्या जुन्या कापडासारखं मऊ असेल तर उत्तमच, दाबून टिपा. मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने दुसऱ्यांदा ओलं करून तसंच टिपा. दुसऱ्या वेळचं फडकं वेगळं हवं. पहिल्याच ओल्या फडक्याने पुन्हा टिपलंत तर काढलेला मळ हाताने परत नेऊन ठेवला.

वाळवायला स्वयंपाकघरातलं ताटाळं छान. रेकॉर्ड उभी राहते, दोन्ही बाजूंनी हवा लागते. पंखा बंद, खिडकी बंद. गच्चीवर, कुरडयांच्या शेजारी, अजिबात नाही: उन्हाळ्यात तापलेल्या गच्चीवर व्हिनाइल (एलपीचं प्लास्टिक) मऊ पडून वाकतं, आणि ते कुठल्याही पाण्याने सरळ होत नाही. रंगपंचमीच्या दिवसांत धुण्याचं काम काढूच नका. गेर, म्हणजे रंगपंचमीची मिरवणूक, राजवाड्यावरून जाते, पण गुलाल चार गल्ल्या आतपर्यंत येतो, आणि खिडकी बंद असली तरी दुसऱ्या दिवशी टेबलावर बोट फिरवून पाहा.

पाकीट

स्वच्छ रेकॉर्ड जुन्याच आतल्या पाकिटात परत घातली की सगळं पाण्यात. त्या पाकिटात चाळीस वर्षांची धूळ, कागदाचा चुरा आणि पावसाळ्यातल्या बुरशीचे बीजाणू असतात. रेकॉर्ड सरकवताना ते तिच्यावर घासले जातात. बुरशीला व्हिनाइल खायचं नसतं. तिला कागद, बोटांचे ठसे आणि दमट हवा पुरते. पांढरे ठिपके धुऊन निघाले आणि पुढच्या श्रावणात परत दिसले, तर उगम पाकिटात आहे. आतून प्लास्टिकचं अस्तर असलेली नवी पाकिटं मागवा, जुनी फेका. जुन्या पाकिटावर कुणाच्या हस्ताक्षरात नाव असेल, तर ते वेगळं जपून ठेवा, रेकॉर्ड त्यात नको. बाहेरचं पुठ्ठ्याचं कव्हर रिकामं करून तासभर कोवळ्या उन्हात ठेवायला हरकत नाही.

मऊ, जाड, पारदर्शक पीव्हीसीची कव्हरं त्याहून वाईट. त्यातलं मऊपणा आणणारं द्रव्य कालांतराने रेकॉर्डवर उतरतं आणि धुक्यासारखा डाग पडतो. तो डाग धुण्याने जात नाही आणि त्या जागी सतत सुसू ऐकू येतं. अशी रेकॉर्ड विकत घेण्याआधी ट्यूबखाली तिरपी धरून पाहा.

कोरडी हवा

डिसेंबर ते मे इंदूरची हवा कोरडी असते. पाकिटातून रेकॉर्ड काढताना चट्चट् आवाज आला किंवा हातावरची लव उभी राहिली तर ती स्थिर वीज. भारित रेकॉर्ड खोलीतली धूळ ओढून घेते, आणि विजेच्या बारीक ठिणग्याही स्पीकरमधून टिकटिक ऐकू येतात. कोरडं पुसणं इथे उलट काम करतं, घासण्याने भार वाढतो. कार्बन फायबरचा ब्रश असेल तर त्याची धातूची कड बोटांत धरून फिरत्या रेकॉर्डवर हलका टेकवा, म्हणजे वीज हातातून जाईल. डेकवर फेल्टची चकती असेल तर ती रेकॉर्डला चिकटून वर येते आणि भार वाढवते. कॉर्कची किंवा रबराची घाला. कूलर चालू असलेल्या खोलीत टिकटिक कमी होते असं बऱ्याच जणांना जाणवतं, आणि ते बरोबर आहे, हवा दमट होते. मात्र डेक कूलरच्या झोतात ठेवू नका.

थोडी करकर फुकटात घालवा

हे फार कमी जण करतात. साठच्या दशकातल्या हिंदुस्थानी शास्त्रीय एलपी बहुतेक मोनो, म्हणजे एकाच वाहिनीच्या, आहेत. एचएमव्हीच्या रेकॉर्डचा क्रमांक ईएएलपी किंवा ईसीएलपी या अक्षरांनी सुरू होत असेल तर ती बहुधा मोनो. ईसीएसडी असेल तर स्टिरिओ. मोनो रेकॉर्डमध्ये संगीत खाचेच्या फक्त आडव्या हालचालीत असतं, तर धूळ आणि झीज सुईला वर-खालीही नाचवतात. स्टिरिओ कार्ट्रिज ती वरखाली हालचालही इमानदारीने उचलतं. अँप्लिफायरवरचं मोनो बटण दाबलं की दोन्ही वाहिन्या मिसळतात, आणि वर-खाली हालचालीतून आलेला आवाज एकमेकांत कटतो. खरखरीचा एक मोठा भाग तिथल्या तिथे नाहीसा होतो. खाँसाहेबांचा मारवा आधी स्टिरिओत आणि मग मोनोत ऐकून पाहा. जुन्या अँप्लिफायरवर हे बटण बऱ्याचदा असतं आणि त्याला कुणी हात लावत नाही.

७८च्या रेकॉर्डींचं वेगळं

वरचं धुण्याचं मिश्रण लाखेच्या रेकॉर्डला लावू नका. सुतार चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून पॉलिश करतो ना, तोच चपडा या रेकॉर्डमध्ये आहे. अल्कोहोल लागलं की पृष्ठभाग विरघळू लागतो. डिस्टिल्ड पाणी आणि लिक्विडचा थेंब, पटकन ओलं, पटकन टिपणं, एवढंच. जुनी पाणी-मुरलेली रेकॉर्ड कडेला तडकलेली असेल तर तेही नको.

आणि ७८ एलपीच्या सुईवर वाजवून 'करकरते' म्हणू नका. एलपीच्या सुईचं टोक साधारण १८ मायक्रॉनचं, ७८ची खाच मागते साधारण ७५ मायक्रॉनचं. बारीक सुई भिंतींना टेकतच नाही, खाचेच्या तळाशी साचलेल्या मळात लोळत जाते. पोर्टेबल एचएमव्ही प्लेअरमध्ये सुईची कळ उलटवून एलपी आणि ७८ निवडता येते, ती बरोबर बाजूला आहे का पाहा. मात्र अशा जुन्या सिरॅमिक कार्ट्रिजवर महागाची एलपी लावू नका, त्यांचा दाब जास्त असतो.

करकर नसलेल्या तक्रारी, थोडक्यात

सतत 'हूं' असा घुमणारा आवाज आणि टोनआर्मला बोट लावल्यावर तो बदलणं म्हणजे अर्थिंग. डेकमधून निघालेली वेगळी बारीक वायर अँप्लिफायरच्या जीएनडी स्क्रूला लावा. आणि जुन्या वाड्यांच्या वायरिंगमध्ये अर्थ असतोच असं नाही, ते आधी इलेक्ट्रिशियनकडून तपासा.

गाणं मंद, सूर जवळपास तीन अर्धस्वर खाली: डेक अमेरिकेतून आलेला आहे का विचारा. ६० हर्ट्झसाठी बनवलेली सिंक्रोनस मोटर आपल्या ५० हर्ट्झवर पाच-षष्ठांश वेगाने फिरते. वेग वर-खाली होत असेल तर पट्टा ताणला आहे किंवा वितळला आहे. काळा चिकट लगदा अल्कोहोलने पुसून नवा पट्टा घाला.

आवाज फारच बारीक आणि पातळ येत असेल तर चुंबकी कार्ट्रिज थेट साध्या इनपुटला जोडलं आहे. त्याचा सिग्नल काही मिलिव्होल्टचाच असतो, मध्ये तो वाढवणारा फोनो प्रीअँप हवा.

नव्या पाकिटाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने धुतल्याचा महिना लिहा. वर्षभराने तीच रेकॉर्ड त्याच जागी, त्याच तालात टक् करत असेल, तर आता ती पुन्हा धुवायची नाही.